फितीबरोबरची चिठ्ठी

प्रति,
सर्व प्राचार्य, रुग्णालयांचे जनसंपर्क अधिकारी, बँका-कंपन्यांमधले एचआरवाले, महिला मंडळांच्या अध्यक्षा आणि वर्षभर कसला ना कसला ‘दिन’ पाळणारे सर्वजण

स. न. वि. वि.

तुमच्यातले बरेच जण मला ‘रिबनवाल्या ताई’ म्हणून ओळखतात. मिरजेत आमचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, लेस, अस्तर, बटणं, फॉल-पिकोचं सामान, आणि मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत सॅटिनची रिळं. सासऱ्यांच्या काळात ही भिंत शाळकरी पोरींच्या वेण्यांवर चालायची. जून उजाडला की लाल, पांढरी, काळी रिबन मीटरवर मोजून देता देता हात दुखायचे. आता वेण्या घालायला सकाळी वेळ कुणाला आहे? पोरींचे केस आखूड झाले, हेअरबँड आले, आणि भिंत चालते ती तुमच्यावर. ऑगस्टात तिरंगी, सप्टेंबर संपता संपता गुलाबी, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लाल. काळ्याला मात्र महिना नाही.

तेव्हा तुम्ही माझी गिऱ्हाइकं आहात आणि गिऱ्हाइकाला पत्र लिहून काही सुनवायचं म्हणजे स्वतःच्या गल्ल्यावर पाय देणं आहे, हे मला कळतं. आमच्या यजमानांनी दोनदा सांगून पाहिलं. तरी लिहितेय.

आधी रिबन कशी होते ते सांगते, कारण तुमच्या हातात ती तयार येते. अर्धा इंची सॅटिन घ्यायचं, सहा इंचांचा तुकडा. २५ यार्डांच्या रिळातून दीडशे निघतात. टोकं तिरकी कापायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीच्या कडेने फिरवायची, म्हणजे धागे सुटत नाहीत. ज्योतीच्या वर धरली तर काजळी धरते, आणि गुलाबीवर काजळी लपत नाही. मग तुकड्याची वेलांटी करायची, टोकं एकमेकांवरून गेली की तिथे गोंदाचा थेंब, वर सेफ्टी पिन. हात बसला की तासाला साठ-सत्तर होतात.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात एका कार्यालयाची सहाशे गुलाबींची ऑर्डर होती. आमच्याकडे कामाला एक मावशी आहेत. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. दोन दुपारी त्या पाटावर बसून कापत होत्या आणि मी समोर बसून चिकटवत होते. तिसऱ्या रिळाला त्यांनी विचारलं, “ताई, हे कशाचं असतं ओ?” मी मान वर न करता म्हटलं, “कॅन्सरचं.” “कुठल्या?” “बायकांच्या छातीच्या.” “हां,” म्हणाल्या, आणि कात्री पुन्हा चालू झाली.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांची सून त्यांना बळेबळे दवाखान्यात घेऊन गेली. गाठ होती. आणि ती आदल्या ऑक्टोबरात, रिबनी कापताना, होतीच. हाताला लागायची, पण दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे मावशींचं गणित. आपल्याकडे बहुतेक बायकांचं हेच गणित असतं, आणि या आजारात नेमकं तेच चुकतं, कारण यातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. डॉक्टरांनी तिसरी स्टेज सांगितली. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस आले. मावशी आहेत, कामावरही येतात, पण उजवा हात सुजतो. काखेतल्या गाठी काढल्या की काहींना हा त्रास मागे राहतो. कात्री फार वेळ धरवत नाही. आता त्या पिना लावतात आणि कापते मी.

ती ऑर्डर न्यायला आलेल्या शिपायाला मी नंतर विचारलं होतं, कार्यक्रम कसा झाला. झकास झाला म्हणाला. गुलाबी फुगे, गुलाबी केक, सेल्फी पॉइंट, सगळ्या मॅडम गुलाबी साडीत. डॉक्टरही बोलावले होते, पडद्यावर चित्रं दाखवली, सगळं इंग्रजीत. झाडलोट करणाऱ्या बायकांना केक वाटायच्या वेळी आत बोलावलं. त्यांच्याही पदराला एकेक रिबन लावली.

त्या सहाशे रिबनी आधी मावशींच्या हातातून गेल्या, मग त्या बायकांच्या पदरावर बसल्या, आणि दोन्हीकडे कुणी काही सांगितलं नाही. तुम्हाला एकट्याला दोष देत नाही. ‘कॅन्सरचं’ एवढंच म्हणून गप्प बसलेली मी होते.

त्यानंतर मला या रिबनींची खोड लागली. कुठून आल्या, पहिल्यांदा कुणी लावल्या, का लावल्या. रात्री दुकान बंद केल्यावर भाचा लॅपटॉपवर शोधून द्यायचा, मी वाचायचे. त्यात जे सापडलं ते सांगायला हे पत्र.

गुलाबी रिबन मुळात गुलाबी नव्हती. अमेरिकेत कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाची बाई होती. तिच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला, तिघींनाही स्तनाचा कर्करोग झालेला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने जेवणाच्या टेबलावर बसून रिबनी करायला घेतल्या. रंग पीच. आमच्या दुकानात गिऱ्हाईक ‘पिच कलर’ म्हणतं, पण सासूबाई त्याच रिळाला अबोली म्हणायच्या. पाच-पाच रिबनी एका कार्डाला लावून ती वाटायची, आणि कार्डावर मजकूर असायचा. त्याचा अर्थ असा, की राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वर्षाचं बजेट १८० कोटी डॉलरचं, त्यातले फक्त ५ टक्के कर्करोग टाळण्यावर खर्च होतात. ही रिबन लावून आपल्या लोकप्रतिनिधींना जागं करा.

पाहा, किती स्वच्छ आहे. पैसा किती, त्यातला कुठे किती, आणि आता कुणाला हलवायचं. आमच्या पेठेतला भाजीवालाही समजेल असा हिशेब. हजारो कार्डं तिने वाटली, बाजारात हातोहात दिली, नावाजलेल्या बायकांना पोस्टाने पाठवली.

१९९२ मध्ये ‘सेल्फ’ या मासिकाने आणि एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने तिला विचारलं, आपण एकत्र करू या. तिने नाही म्हटलं. फार बाजारू होईल, असं तिचं म्हणणं. मग वकिलांनी वाट काढली, की रंग बदला. रंग बदलला, पीचचा गुलाबी झाला, आणि त्या हंगामात कंपनीच्या काउंटरांवरून १५ लाख गुलाबी रिबनी वाटल्या गेल्या. बजेटचा मजकूर तिकडे गेला नाही. स्वतःच्या हाताने छाती तपासायची माहिती काउंटरवर मिळत होती, हे खरं, आणि कंपनीच्या एव्हलिन लॉडर यांनी पुढे संशोधनासाठी मोठा निधी उभा केला, हेही खरं. तो मी झाकणार नाही. पण पैसा कुठे जातोय हे विचारणारा कागद गळला तो गळलाच.

अबोली म्हणजे न बोलणारी. हेलीबाईंची अबोली बोलत होती आणि तिच्या जागी आलेली गुलाबी मुकी निघाली. रिळं पुसताना हे माझ्या मनात येतं आणि जरा हसू येतं, जरा राग.

पुढे त्या गुलाबीचं अमेरिकेत काय काय झालं ते वाचाल तर थक्क व्हाल. २०१० मध्ये केएफसीने तळलेली कोंबडी गुलाबी बादल्यांतून विकली, बादलीमागे ५० सेंट कर्करोगाच्या कामाला. तिथल्याच स्तन कर्करोगाविरुद्ध लढणाऱ्या एका संघटनेने, ब्रेस्ट कॅन्सर अ‍ॅक्शनने, २००२ पासून मोहीम चालवली आहे, की गुलाबी वस्तू घेण्याआधी विचारा: यातला किती पैसा जातो, कुठे जातो, आणि ही वस्तूच आजाराला हातभार लावणारी तर नाही ना? मी रिबन विकणारी बाई, मलाही हे प्रश्न लागू आहेत. माझ्याकडून एकही रुपया कुठे जात नव्हता. सहाशे रिबनींचे पैसे गल्ल्यात, बस.

आता काळ्याकडे येते. कारण काळ्याने मला खरं शिकवलं.

आपल्याकडे दुःखाचा रंग काळा नाहीच मुळी. मयताला पांढरं, सुतकात साधं. काळी चंद्रकळा संक्रांतीला, हलव्याच्या दागिन्यांबरोबर. मंगळसूत्रात काळे मणी. बाळाच्या गालाला काजळाची तीट. काळ्याने नजर अडते, एवढंच आपलं त्याच्याशी नातं. दंडाला काळी फीत बांधून शोक करायची रीत साहेबाची. ती आली, आणि आपल्याकडे येऊन तिने दोन संसार थाटले. एक शोकाचा. रमाकांत आचरेकर सर २ जानेवारी २०१९ला गेले आणि दुसऱ्या दिवशी सिडनीला भारताचा संघ दंडाला काळ्या फिती लावून उतरला. शिवाजी पार्कावर पोरांना फलंदाजी शिकवलेल्या माणसासाठी ऑस्ट्रेलियात काळी फीत, याचं मला अजून नवल वाटतं. लतादीदी गेल्या तेव्हाही, ६ फेब्रुवारी २०२२ला, अहमदाबादच्या सामन्यात संघाच्या दंडावर फिती होत्या.

दुसरा संसार निषेधाचा, आणि माझं गिऱ्हाईक बहुतेक तिथलं. परिचारिका, शिक्षक, एसटीतले लोक, निवासी डॉक्टर. ‘काळ्या फिती लावून काम’ हे वाक्य पेपरात इतकं येतं, की त्यात काय विशेष आहे ते आपल्याला दिसत नाही. काम बंद नाही, रुग्णाची सुई चुकत नाही, वर्गातला तास बुडत नाही, पण दंडावर फीत आहे. आणि दर वेळी खिशात, फाईलमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद असतो. निवेदन. मागण्या एक ते सहा, खाली सह्या, वर ‘मा. जिल्हाधिकारी यांना’. काळ्या फिती घ्यायला आलेला कार्यकर्ता काउंटरवर तो कागद ठेवून फिती मोजतो, त्यामुळे मी अशी किती निवेदनं उलटी वाचली असतील त्याला गणती नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी बेळगावाकडचे एक जुने गिऱ्हाईक येतात. मिरजेत पाहुण्यांकडे आले की काळं रीळ घेऊन जातात. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव तिकडे राहिलं, म्हणून सीमाभागातले मराठी लोक त्या दिवशी काळा दिन पाळतात. त्याच दिवशी कर्नाटकात राज्योत्सव असतो, लाल-पिवळे झेंडे. एकाच गल्लीत एका दारात लाल-पिवळं, दुसऱ्यात काळं. २०२०च्या १ नोव्हेंबरला महाराष्ट्राच्या मंत्र्यांनीही काळ्या फिती लावल्या होत्या. मी एकदा त्या गिऱ्हाइकांना म्हटलं, इतकी वर्षं लावताय, मिळालं काय? ते म्हणाले, “वहिनी, मिळालं नाही म्हणूनच लावतोय की.” फीत कशासाठी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील.

भाषेतही हे दिसतं. रीळ एकच, दोऱ्याचा वीण एकच, पण गिऱ्हाईक म्हणतं ‘काळ्या फिती द्या’ आणि ‘पिंक रिबन द्या’. निषेधाची ती फीत आणि कार्यक्रमाची ती रिबन. उद्घाटनाला पाहुणे कापतात तीही फीतच म्हणा, पण ती जाऊ दे, तिचा जन्मच कापला जाण्यासाठी आहे. आणि लाल फीत म्हटलं की आपल्याला आधी एड्स आठवत नाही, सरकारी फाईल आठवते.

प्राचार्यांसाठी एक गोष्ट खास. अमेरिकेत आयोवा राज्यात डे मॉइन गावी डिसेंबर १९६५ मध्ये काही शाळकरी मुलांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. व्हिएतनाममध्ये मेलेल्यांचा शोक, आणि युद्ध थांबवा ही मागणी. एक मुलगी १३ वर्षांची, तिचा भाऊ १५चा, आणखी एक १६चा. शाळेने घरी पाठवलं. पोरं कोर्टात गेली, आणि १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला, की विद्यार्थी शाळेच्या फाटकातून आत येताना बोलण्याचं स्वातंत्र्य बाहेर टाकून येत नाही. त्या पोरांच्या फितीत शोक आणि मागणी एकाच गाठीत होती. तुमच्या कॉलेजात एखाद्या मुलीने उद्या अशी फीत बांधली, तर तुम्ही आधी तिला काढायला सांगाल की का बांधली ते विचाराल? खोचक वाटेल, पण विचारावंसं वाटलं.

लाल रिबनीची कहाणी गुलाबीच्या उलटी आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कला ‘व्हिज्युअल एड्स’ नावाच्या संस्थेभोवती जमलेल्या बारा-पंधरा कलाकारांनी ती केली. आखाती युद्धावर गेलेल्या सैनिकांसाठी तेव्हा तिकडे झाडाझाडाला पिवळ्या फिती होत्या. यांचे मित्र एड्सने आठवड्याला एक याप्रमाणे मरत होते आणि त्यांच्यासाठी कुठेच काही बांधलेलं नव्हतं. लाल रंग रक्ताचा म्हणून, आणि प्रेमाचा म्हणूनही. कृती साधी ठेवली: सहा इंचांचा तुकडा, वेलांटी, पिन. आमच्याच मापाची! त्यांनी हक्क राखून ठेवले नाहीत, कुणा एकाचं नाव लावलं नाही, कुणीही करावी आणि लावावी म्हणून सोडून दिली. जूनमध्ये टोनी पुरस्कारांच्या समारंभात नट जेरेमी आयर्न्स ती लावून आला आणि जगाला दिसली. पुढच्या एप्रिलात लंडनच्या वेम्ब्लीवर, एड्सने गेलेला गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ मोठी मैफल झाली, तिथे लाखाच्या घरात लाल रिबनी वाटल्या गेल्या. हा फ्रेडी म्हणजे पाचगणीच्या शाळेत वाढलेला फारुख बलसारा, हे कळलं तेव्हा मी भाच्याला म्हटलं, अरे, मग रिबन आपल्याच जिल्ह्याशेजारची निघाली.

इथे मला माझंच म्हणणं जरा मागे घ्यावं लागतं. १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या, आधी दुकानात एक बाई येतात. एक-दोनच रिबनी घेतात. एकदा दुकानात कुणी नसताना त्या म्हणाल्या, की मी गेली कित्येक वर्षं गोळ्या घेते. वर्षात हा एकच दिवस असा असतो, की सगळ्यांच्या छातीवर ही असते, म्हणून मलाही लावता येते. एरवी लावली तर लोक विचारतील, तुम्ही का लावलीत? मला बोलताच आलं नाही. मुकी रिबनही कुणाच्या उपयोगी पडते, ती अशी. गर्दीत उभं राहता यावं म्हणून.

पण त्याच बाईंना मी पुढच्या वर्षी विचारलं, की रिबनीला चिठ्ठी लावायची झाली तर काय लिहू? त्यांनी विचार केला आणि बोटावर मोजत सांगितलं. एक, गोळ्या नियमित घेतल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही, हे लोकांना माहीतच नाही. दोन, २०१७चा कायदा आहे, एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून, शाळेतून, घरातून काढता येत नाही. तीन, १०९७ हा नंबर, फुकट आहे. “एवढं लिहा,” म्हणाल्या, “आणि ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असलं काही लिहू नका. मी जिवंत आहे.” तुमच्या रांगोळ्यांत मी गेल्या वर्षीही कवटी पाहिली. ते थांबवा.

पांढरीबद्दल थोडक्यात. कॅनडात माँट्रियलच्या तंत्रविद्यालयात ६ डिसेंबर १९८९ला एकाने १४ बायकांना गोळ्या घालून मारलं, आणि दोन वर्षांनी तिथल्या पुरुषांनी पांढरी रिबन सुरू केली. तिच्याबरोबर शब्द देतात: मी बाईवर हात टाकणार नाही, टाकलेला चालवून घेणार नाही, गप्प बसणार नाही. त्याआधी शंभर वर्षं पांढरीचा मान अमेरिकेतल्या दारूबंदीवाल्या बायकांच्या संघटनेकडे होता, त्या छातीवर पांढऱ्या फितीचा बो लावत. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, तेव्हा याच बायकांत त्यांची ऊठबस होती. त्या बायकांची पुढारी फ्रान्सिस विलर्ड. तिने जगभरच्या राज्यकर्त्यांच्या नावे दारू आणि अफूचा व्यापार बंद करा असा अर्ज लिहून त्यावर देशोदेशीच्या बायकांच्या सह्या गोळा केल्या. बो छातीवर आणि अर्ज हातात. रमाबाईही तिथे नुसत्या भाषणांना गेल्या नव्हत्या. मदतीचं मंडळ उभं करून आल्या आणि ११ मार्च १८८९ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदासदन उघडलं.

पिवळी तर मला फार दिवस समजतच नव्हती. आपल्याकडे पिवळं म्हणजे हळद. तिकडे पिवळं म्हणजे वाट पाहणं. इराणमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकन अधिकाऱ्याच्या बायकोने १९७९च्या डिसेंबरात अंगणातल्या ओकच्या झाडाला पिवळी फीत बांधली. ओलीस ४४४ दिवसांनी सुटले, नवरा घरी आला, फीत त्याने सोडली. पण दक्षिण कोरियात १६ एप्रिल २०१४ला सेवॉल नावाची बोट बुडाली, ३०४ माणसं गेली, त्यात सहलीला निघालेली एकाच शाळेची २५० पोरं. पहिले काही दिवस पिवळ्या फिती ‘परत या’ म्हणून बांधल्या. पोरं परतली नाहीत, फिती तशाच राहिल्या आणि त्यांचा अर्थ हळूहळू दुसरा झाला. आईबाप सोलच्या चौकात पिवळ्या फिती लावून उपोषणाला बसले: चौकशीचा वेगळा कायदा करा. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो झाला. ‘वाट पाहतोय’चं ‘विसरणार नाही’ कधी झालं, हे त्या आयांनाही सांगता आलं नसेल. ती रात्र मी पुढे काही वाचलं नाही.

आता तर रंगांची इतकी झिम्मड उडाली आहे, की गिऱ्हाईक मोबाइलमधला तक्ता दाखवतं. “ताई, टील आहे का?” मी म्हणते, मोरपंखी आहे, देऊ? जांभळी अल्झायमरची, तीच स्वादुपिंडाच्या कर्करोगाची, तीच घरातल्या मारहाणीविरुद्धची. सोनेरी लहान मुलांच्या कर्करोगाची. एका मंडळाची उरलेली जांभळी मी दुसऱ्याला दुसऱ्या आजारासाठी विकली आहे, खोटं कशाला बोलू. कागद नसेल तर रंगावरून कुणी काय ओळखायचं?

तर माझं मागणं काय ते लिहिते. ऑर्डरबरोबर मला तुमच्याकडून एक मजकूर हवा. चार ओळींचा, मराठीत, जिच्या पदराला ती लागणार आहे तिला वाचता येईल असा. त्यात दोनच गोष्टी असाव्यात: तिने काय करायचं, आणि तुम्ही काय करणार.

दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची. ‘तपासणी करून घ्या’ असं बायकांना सांगणं सोपं आहे. कुठे, कधी, कोण करणार, त्या दिवसाचा पगार कापला जाणार का? मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या. त्यातल्या निम्म्यांची, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: आजार लवकरच्या स्टेजला सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूत तसा फरक दिसला नाही, हेही त्यात आहे. मला हा कागद आमच्या गिऱ्हाईक असलेल्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितला. मी विचारलं, म्हणजे बोटांनी झालं? “शिकवलेल्या बोटांनी,” त्या म्हणाल्या. देशात वर्षाला १ लाख ९० हजारांहून जास्त बायकांना हा आजार होतो. सरकारी आरोग्यवर्धिनी केंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीपुढच्या बाईची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पहिली तपासणी व्हावी असं ठरलेलं आहे. महात्मा फुले योजनेत उपचार बसतात. तुमच्या कार्यालयापासून ते केंद्र किती लांब आहे, माहीत आहे का? तिथे त्या बायकांना घेऊन जायला एक रिक्षा आणि अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा लागेल. फुग्यांच्या पैशात होईल. मी हिशेब केलाय, फुगेही आमच्याकडूनच जातात.

म्हणजे चिठ्ठीवर असं येऊ शकेल: ‘आपल्या कार्यालयातल्या तिशीपुढच्या सर्व बायकांना, कंत्राटी धरून, अमुक तारखेला आरोग्य केंद्रात नेणार. रजा कापली जाणार नाही.’ खाली सही साहेबांची.

छपाईचा खर्च माझा. शेजारचा झेरॉक्सवाला पोऱ्या आपल्यातला आहे, एका पानात सोळा चिठ्ठ्या बसवतो. रिबनीचा दर तोच राहील. पिन मावशी लावतात, चिठ्ठीही त्याच ओवतील. मजकूर ऑर्डरबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, गुलाबीसाठी १५ सप्टेंबरपर्यंत आणि लालसाठी १० नोव्हेंबरपर्यंत. तुमचा मजकूर आला नाही तर ऑर्डर नाकारणार नाही, धंदा आहे. पण मग मावशींनी सांगितलेला मजकूर जाईल. तो त्यांनी एका बैठकीत सांगितला आणि मी होता तसा लिहून घेतला:

‘माझी गाठ दुखत नव्हती म्हणून मी वर्षभर कुणाला बोलले नाही. तुमची दुखत नसली तरी दाखवा. लाजू नका, डॉक्टरीण बाई असते. ही रिबन मी केलीय.’

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिरजेची रिबनवाली

ता. क. काळ्या फितींना ही अट नाही. त्यांचं निवेदन त्यांच्याबरोबर असतंच.

ता. क. २. अर्धा इंची गुलाबीची दोनच रिळं शिल्लक आहेत. मोठी ऑर्डर असेल तर आधी सांगा, माल मुंबईहून यायला आठवडा लागतो.